सूर्य सर्वांचा, साठा कोणाचा?

३१ जानेवारी २०२५ रोजी भारताची सौर वीजनिर्मितीची स्थापित क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. पाठोपाठ विज्ञानाच्या बातम्यांत बॅटरीसाठ्याच्या निविदांचे आकडे झळकू लागले : कुठे ५०० मेगावॉट, कुठे १००० मेगावॉट-तास. आकडे खरे आहेत आणि अभिमान वाटावा असेही आहेत. पण या बातम्यांत एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. दुपारी साठवलेली ही वीज संध्याकाळी कोणाच्या घरी पोहोचणार, कोणत्या दराने, आणि ती सोडण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहणार?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एकककोष्टक नीट समजून घेतले पाहिजे, कारण बातम्यांत बहुतेक घोटाळा तिथेच होतो. मेगावॉट म्हणजे नळाची जाडी. मेगावॉट-तास म्हणजे टाकीतले पाणी. नुसती जाडी सांगून टाकी किती वेळ पुरेल ते कळत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशनच्या निविदेत दोन तासांच्या साठ्याचा दर मेगावॉटमागे दरमहा १०.८३ लाख रुपये आला होता. दिवसातून एकदाच भरून एकदाच रिकामा केला, तर एक मेगावॉटचा असा साठा महिन्याला साधारण ६० हजार युनिट देतो. म्हणजे नुसत्या साठवणुकीचा खर्च युनिटमागे १८ रुपये. २०२४ च्या अखेरीस राजस्थानातील तशाच साठ्याचा दर, केंद्राच्या अनुदानासह, सव्वादोन लाखांच्या आत आला. त्याच हिशेबाने आता युनिटमागे पावणेचार रुपयेही लागत नाहीत. 'बॅटरी परवडत नाही' हे उत्तर २०२२ मध्ये प्रामाणिक होते. आज ते आळसाचे उत्तर आहे.

परवडते असे एकदा मान्य केले की वाद जागेचा आणि मालकीचा उरतो. आजचे धोरण दोन्हींचे उत्तर सवयीने देते : जागा महापारेषणाच्या उपकेंद्राशेजारी, मालकी मोठ्या विकासकाची, खरेदीदार राज्याची वितरण कंपनी, आणि ज्याच्या घरी दिवा लागायचा तो माणूस केवळ ग्राहक क्रमांक. ही रचना निसर्गनियमांतून आलेली नाही. कर्नाटकापुरते बोलायचे तर तिला पर्याय ठरू शकेल अशी संस्था राज्यातच गेली पाच दशके उभी आहे, आणि तिच्याविषयीचा निर्णय बंगळुरूतच घ्यायचा आहे.

बंगळुरूला विजेचा इतिहास नवा नाही. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांनी वीज निघाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना. १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. आधी खाण, मग शहर. मधल्या खेड्यांची पाळी यायला कित्येक दशके गेली. वीज जिथे निर्माण होते तिथल्या माणसाने सर्वांत शेवटी उजेड पाहायचा, ही रीत तेव्हा पडली.

ती मोडली आहे असे समजणाऱ्यांनी तुमकुरू जिल्ह्यातील पावगडा पाहावे. सुमारे १३ हजार एकरांवर पसरलेला २,०५० मेगावॉटचा हा सौर प्रकल्प जगातल्या मोठ्या प्रकल्पांत गणला जातो. जमीन विकत न घेता एकरी वार्षिक २१ हजार रुपये भाड्याने घेतली आणि भाड्यात ठरावीक काळाने वाढ ठेवली, हे त्याचे खरोखर चांगले अंग. कोरडवाहू, सतत दुष्काळी मुलखात हे उत्पन्न अनेक कुटुंबांना आधार ठरले. परंतु भाडे मिळाले ते सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला, म्हणजे तिथल्या भाषेत पहाणीवर नाव असणाऱ्याला. त्याच शेतात राबणाऱ्या भूमिहीनाला करारात जागा नव्हती. मोठा प्रकल्प वाईट असतो असे यातून सिद्ध होत नाही. सूर्यप्रकाश फुकट असला तरी त्याचा लाभ आपोआप वाटला जात नाही, वाटणी करारातच लिहावी लागते, एवढे मात्र सिद्ध होते.

याच तुमकुरू जिल्ह्यात, कुणिगल तालुक्यातल्या पुरा नावाच्या लहानशा खेड्यात, भारतीय विज्ञान संस्थेने एक वेगळा धडा गिरवला होता. अमूल्य रेड्डी हे विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ. जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेले विद्युत्-रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक जगभर शिकवले गेले. आजच्या प्रत्येक बॅटरीमागचे शास्त्र ते हेच. या माणसाने १९७४ मध्ये बंगळुरूच्या संस्थेत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे 'अस्त्र' हे केंद्र सुरू केले, आणि आपले लक्ष इलेक्ट्रोडवरून शेणाकडे वळवले.

पुरा येथे आधी सामुदायिक गोबर गॅसवर स्वयंपाक करण्याचा बेत होता. तो फसला. गावातले शेण सगळ्या चुलींना पुरेल एवढे नव्हतेच. १९८७ मध्ये योजना बदलली : त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज, त्या विजेवर विंधन विहिरीचे पाणी घराजवळच्या नळाला, आणि घरांत दिवे. शेण आणून देणाऱ्याला वजनावर पैसे मिळत, आणि गॅस काढून उरलेला चोथा खत म्हणून परत मिळे. गावच्या मंडळाने दर ठरवले आणि वसुलीही केली. ही व्यवस्था पुढची कित्येक वर्षे चालली, याचे कारण यंत्राची कार्यक्षमता हे नव्हते. लोकांना पाणी हवे होते, आणि पैसे न भरणाऱ्यामुळे कोणाचे पाणी अडते हे सगळ्या गावाला दिसत होते. रेड्डी यांनी पुढे कर्नाटकाच्या वीजनियोजनावर घेतलेला आक्षेपही याच मुशीतला होता. किती मेगावॉट उभारायचे हा दुसरा प्रश्न. कोणाची कोणती गरज भागवायची हा पहिला. आजच्या बॅटरीच्या बातम्या बरोबर उलट्या क्रमाने लिहिल्या जातात.

आता हुक्केरी. बेळगाव जिल्ह्यातील हा तालुका मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा अंगावर वागवणारा. घटप्रभेवरचे हिडकल धरण, संकेश्वरची बाजारपेठ, उसाचे फड आणि पाण्याच्या मोटारी. १९६९ मध्ये अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या धर्तीवर भारतात पाच प्रायोगिक संस्था काढण्याचे ठरले : महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यात हुक्केरी. राज्यातले बाकी सारे वीजवितरण सरकारी कंपन्यांकडे असताना हुक्केरीची संस्था आजही आपल्या सभासदांच्या नावाने वीज वाटते. ती वीज बाहेरून घाऊक विकत घेते आणि आपल्या तारांवरून किरकोळ पुरवते. तिचे दर बंगळुरूतील कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो. कायद्याच्या भाषेत तीही बेस्कॉमसारखीच वितरण परवानाधारक आहे.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. २०२३ मध्ये केंद्राने बॅटरीसाठ्याला व्यवहार्यता तूट भरून काढण्यासाठी अनुदान मंजूर केले, तेव्हा अशी अट घातली की अनुदानित प्रकल्पाची किमान ८५ टक्के क्षमता वितरण कंपन्यांना उपलब्ध असावी. हेतू असा की सार्वजनिक पैशाचा लाभ घरगुती ग्राहकापर्यंत पोहोचावा. मग जी वितरण संस्था स्वतःच ग्राहकांच्या मालकीची आहे, तिच्याइतकी या हेतूला जवळची दुसरी कोणती? वीज कायदा, २००३ चे पाचवे कलम ग्रामीण भागात घाऊक वीजखरेदी आणि स्थानिक वितरणासाठी पंचायती, ग्राहकसंघ आणि सहकारी संस्था यांचा नाव घेऊन उल्लेख करते. चौदाव्या कलमानुसार अधिसूचित ग्रामीण क्षेत्रात स्वतः निर्मिती करून वितरण करणाऱ्याला परवान्याचीही गरज नाही. संसदेने दार दोन दशकांपूर्वी उघडून ठेवले. आत जायला कोणी तयार नाही, याचा दोष दाराला देता येणार नाही.

प्रकल्प कसा असावा, याचा हिशेब बारावीच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल. समजा, एका फीडरवर ५०० घरे आहेत आणि संध्याकाळी सहा ते रात्री अकरापर्यंत प्रत्येक घराला सरासरी दोन युनिट लागतात. गरज झाली हजार युनिटची. बॅटरीत भरलेल्या विजेपैकी साधारण ८५ टक्के परत मिळते असे धरले, तर दिवसा १,१८० च्या आसपास युनिट भरावे लागतील. उत्तर कर्नाटकात एक किलोवॉट क्षमतेची सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतात. म्हणजे ३०० किलोवॉट पुरे, आणि त्याला दीड एकर जागा. बॅटरी तळापर्यंत उपसायची नाही आणि वयाबरोबर तिची क्षमता घटणार, हे लक्षात घेऊन ती १,४०० युनिटची घ्यावी. पावसाळ्यात उत्पादन उतरेल. तेव्हा ग्रिडची स्वस्त वेळेतली वीज भरता येईल. यात कुठेही चमत्कार नाही.

आणि शेतीपंपाचे काय? पंपांना बॅटरी देऊ नये. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळते, तिचा भार राज्य उचलते, आणि ती वीज बरेचदा रात्री येत असल्याने शेतकरी अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत, बांधावर उभा असतो. त्याला हवी आहे दिवसाची वीज. दुपारी पॅनेलची वीज थेट मोटारीला द्यावी. उपसलेले पाणी हाच त्याचा साठा. महाराष्ट्रातील सौर कृषिवाहिनी योजनेने फीडरजवळ सौरप्रकल्प उभारण्याचा हा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबला आहे. महाग साठा फक्त त्या गरजेसाठी राखावा, जी सूर्यास्तानंतरच उद्भवते.

साठा फीडरच्या शेवटी का असावा, याचे उत्तर ज्यूलच्या नियमात आहे. तारेतला व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. संध्याकाळच्या भारातला निम्मा भार टोकाजवळच्या बॅटरीने उचलला, तर त्या तारेतला प्रवाह निम्मा आणि व्यय चतुर्थांश होतो. टोकाच्या घरांतला दाब सावरतो, मोटारी जळणे कमी होते, रोहित्र बदलण्याचा खर्च पुढे ढकलला जातो. बॅटरी स्वतः १५ टक्के वीज खाते आणि तारेतली बचत ती सगळी भरून काढतेच असे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिचे मुख्य मोल दुपारची वीज रात्री देण्यात आहे. पण हेच काम ती शंभर किलोमीटर दूर पारेषण उपकेंद्राशेजारी बसून करील, तेव्हा टोकाच्या गावाला दाबाचा लाभ शून्य.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : मोठा प्रकल्प स्वस्त पडतो. औष्णिक केंद्राबाबत हे खरे होते. बाष्पकाचा आकार वाढला की घनफळाच्या तुलनेत पृष्ठभाग कमी होतो, उष्णतेची गळती घटते, कार्यक्षमता चढते. तिथे मोठेपणाला भौतिकशास्त्राचा आधार होता. बॅटरीला तो नाही. हजार मेगावॉट-तासांचा प्रकल्प म्हणजे तीन ते पाच मेगावॉट-तासांच्या पेट्यांची रांग. एका पेटीतल्या घटाला शेजारी दोनशे पेट्या आहेत की नाहीत हे कळत नाही. स्वस्ताई येते ती घाऊक खरेदीतून, कर्जाच्या व्याजदरातून आणि देखभालीच्या करारातून. त्यासाठी पेट्या एकाच मैदानात उभ्या करण्याची गरज नाही. शंभर उपकेंद्रांसाठी एकच निविदा काढता येते. एलईडी दिव्यांची देशव्यापी एकत्रित खरेदी झाली आणि किंमत कोसळली. दिवे मात्र घरोघरी गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि सामुदायिक विजेचे भाबडे भक्त त्याला बगल देतात. सहकारी संस्था बुडतात. मुळा-प्रवरा बुडाली. श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात चार दशके वीज वाटणारी ही संस्था थकबाकीच्या डोंगराखाली दबली, आणि २०११ मध्ये तिचा परवाना संपल्यावर वितरण महावितरणकडे गेले. बिहारमधील धरणई गावात २०१४ मध्ये बॅटरीसह १०० किलोवॉटचे सौर सूक्ष्मजाळे मोठा गाजावाजा करून सुरू झाले. गावकऱ्यांनी मात्र 'खरी वीज' मागितली, कारण या जाळ्यावर जड उपकरणे चालत नव्हती. ग्रिडची स्वस्त वीज आली, बॅटऱ्या निकामी झाल्या, आणि काही वर्षांत त्या जागेत गुरे बांधली गेली.

या दोन अपयशांची कारणे एकमेकांच्या उलट आहेत. धरणईत गाव ग्रिडपासून तोडलेले होते, म्हणून मर्यादित. मुळा-प्रवरेत गाव ग्रिडला जोडलेले होते, पण हिशेबाला जोडलेले नव्हते. म्हणून प्रकल्प ग्रिडशी जोडलेला असावा, आणि त्याचा हिशेब रोजच्या रोज उघडा असावा. सिरसिल्लाची संस्था तेलंगणात अजून चालते आहे, तेव्हा सहकार म्हटला की मृत्यू ठरलेलाच, असेही नाही.

दोन्ही अटी पाळून काय होते, ते हवाईतील कवाई बेटावर दिसते. सुमारे ७३ हजार वस्तीच्या या बेटाने २००२ मध्ये खासगी वीज कंपनी विकत घेऊन ग्राहकांची सहकारी संस्था केली. बहुतेक वीज तेव्हा तेलावर होती. संस्थेने स्वतः बॅटरी बनवण्याचा हट्ट धरला नाही. २०१७ मध्ये टेस्लाशी करार करून १३ मेगावॉट सौर आणि ५२ मेगावॉट-तासांचा साठा, तर २०१९ च्या सुरुवातीला एईएस कंपनीशी करार करून २० मेगावॉट सौर आणि १०० मेगावॉट-तासांचा साठा तिने उभा केला. भांडवल आणि तांत्रिक जोखीम विकासकाची. खरेदीचा दीर्घ करार, गरजेचा क्रम आणि दर ठरवणारे मंडळ सभासदांचे. त्यानंतर काही दिवशी संपूर्ण बेट तासन्‌तास नूतनशील विजेवर चालले. हुक्केरी तालुक्याची वस्ती या बेटाच्या कित्येक पट आहे, ऊन कमी नाही, आणि मदतीला ग्रिडही आहे, जे समुद्राने वेढलेल्या कवाईला नाही.

तेव्हा मागणी नेमकी असावी. राज्याने फीडरस्तरीय साठ्याची एकत्रित निविदा काढावी, आणि तिचा ठरावीक भाग सहकारी परवानाधारक व पंचायतींच्या ग्राहकसंघांसाठी राखावा. केंद्राचे अनुदान त्यांना त्याच दराने मिळावे. विकासकाशी करार बारा ते पंधरा वर्षांचा असावा, त्यात बॅटरीची उरलेली क्षमता आणि अग्निसुरक्षा यांची हमी असावी, आणि अखेरीस प्रकल्प नाममात्र किमतीत संस्थेकडे यावा. पंपांच्या मोफत विजेचे पैसे सरकारने संस्थेला वेळेवर द्यावेत. मोठी कंपनी सरकारी उधारीवर वर्ष काढते; लहान संस्था त्या उधारीतच मरते, आणि मग तिच्या प्रेताकडे बोट दाखवून सहकार नालायक ठरवला जातो. शेवटची अट संस्थेसाठी : किती वीज भरली, किती सोडली, कोणता फीडर किती वेळ बंद होता, कोणाची थकबाकी किती, हे आकडे दररोज कन्नड आणि मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. जिथे संचालकांची निवडणूक विधानसभेच्या थाटात लढली जाते, तिथे मतदाराच्या हाती निदान खरे आकडे असावेत.

ज्यांना हा सगळा खटाटोप विज्ञानाबाहेरचा वाटतो, त्यांनी पुरा गावाकडे पुन्हा एकदा पाहावे. तिथला पहिला प्रयोग फसला, तेव्हा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला अडाणी ठरवले नाही. त्यांनी शेण मोजले, गरज विचारली आणि यंत्रणा बदलली. गृहीतक चुकले की ते टाकून द्यायचे असते, हा प्रयोगशाळेतला नियम त्यांनी गावालाही लावला. बंगळुरूत आज बॅटरीच्या रसायनावर संशोधन करणारे शेकडो तरुण आहेत. त्यांच्यापैकी थोड्यांनी जरी आयोगाच्या जनसुनावणीत जाऊन हुक्केरीचा हिशेब मांडला, तरी एक जुने गृहीतक तपासले जाईल : वीज साठवण्याची अक्कल शहराकडे असते आणि खेड्याकडे असते ती फक्त जमीन. १९०२ पासून हे गृहीतक कोणी तपासलेले नाही.